पिरॅमिड पाठ होता, पण उलटा करता येईना: लूप आणि पॅटर्न शिकवताना आलेलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

भांडुप पश्चिमेला, स्टेशनपासून दहा मिनिटांच्या अंतरावर, मी संध्याकाळी डिप्लोमाच्या आणि अकरावी-बारावीच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवते. एक खोली, सहा कॉम्प्युटर, बॅचला बारा मुलं. त्यातल्या एका मुलीचं हे प्रकरण. तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि काही बदलले आहेत.

कॉम्प्युटर डिप्लोमाचं दुसरं सत्र, विषय सी प्रोग्रामिंग. शाळा मराठी माध्यमाची, दहावीला गणितात उत्तम मार्क. घरी कॉम्प्युटर नाही. फोनवर कंपायलरचं, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम चालवून दाखवणारं ॲप आहे, त्यावर ती लोकलमध्येसुद्धा सराव करायची. कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनवर दोघी बसायच्या आणि कीबोर्ड बहुतेक वेळा दुसरीच्या हातात असायचा.

ज्यांनी हे शिकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पॅटर्न म्हणजे ताऱ्यांचे किंवा आकड्यांचे आकार पडद्यावर छापणं: त्रिकोण, पिरॅमिड, हिरा. व्यवहारात याचा थेट उपयोग फारसा नसतो. लूप म्हणजे त्याच आज्ञा ठरावीक वेळा पुन्हा पुन्हा चालवणं. पण लूपच्या पोटात लूप, ज्याला नेस्टेड लूप म्हणतात, तो इथे डोळ्यांना दिसतो. बाहेरचा लूप ओळी मोजतो आणि आतला त्या ओळीत काय, किती वेळा छापायचं ते बघतो. पुढे द्विमितीय ॲरे, तक्ते, चित्रातले पिक्सेल असं जे काही ओळी आणि रकान्यांत येतं, त्या सगळ्याची पहिली ओळख मुलांना इथे होते. म्हणून इथे पाठांतर करून पुढे गेलेल्या मुलाचं मला वाईट वाटतं. त्याचं नुकसान सहा महिन्यांनी दिसतं आणि तेव्हा ते कशामुळे झालं हे कोणालाच आठवत नाही.

अडचण

वर्गचाचणीत पॅटर्न येणार हे सगळ्यांना माहीत होतं. चाळीस पॅटर्नची एक पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरत होती. तिने त्यातले बावीस पाठ केले होते, अगदी सेमीकोलनसकट.

चाचणीत प्रश्न आला: सहा ओळींचा उलटा पिरॅमिड. तिला पाच ओळींचा सुलटा पाठ होता. तिने बाहेरचा लूप सहापासून एकपर्यंत उलटा फिरवला. हे बरोबर होतं आणि हे तिचं तिलाच सुचलं होतं. पण रिकाम्या जागांच्या लूपमध्ये ‘पाच वजा आय’ तसंच राहिलं (आय म्हणजे बाहेरच्या लूपमधला ओळीचा आकडा). पडद्यावर आलं ते असं. रिकाम्या जागा दिसाव्यात म्हणून इथे ठिपके घातले आहेत.

***********
*********
·*******
··*****
···***
····*

पहिली ओळ अकरा ताऱ्यांची, दुसरी नऊ ताऱ्यांची, आणि दोन्ही डावीकडे एकाच जागी सुरू. चूक एका आकड्याची. सहाव्या ओळीला ‘पाच वजा सहा’ म्हणजे उणे एक, म्हणून लूप एकदाही फिरला नाही. पुढच्या प्रत्येक ओळीला एकेक जागा कमी पडली. ‘पाच’च्या जागी ‘सहा’ लिहिलं असतं तर काम झालं असतं. तिने त्याऐवजी तारा छापायच्या आज्ञेत अवतरणचिन्हांच्या आत स्पेस भरून बघितल्या. आकार आणखी बिघडला, मग तिने सगळं पुसलं आणि पाठ असलेला सुलटा पिरॅमिड लिहून दिला.

सरांनी तोंडी विचारलं, “हे पाच वजा आय कशासाठी लिहिलंयस?”

ती म्हणाली, “असंच असतं, सर.”

पंचवीसपैकी सहा मार्क पडले. फेरचाचणी बारा दिवसांनी होती. हे मला तिनेच सांगितलं, सरांच्या प्रश्नासकट. रडली नाही. बावीस पॅटर्नची वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “मॅडम, अजून किती पाठ करू?”

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तिच्या बाबांचा होता. त्यांनी फोन केला, “मॅडम, आत्ता फक्त सुटायला हवी. त्या चाळीसमधले उरलेले अठरा पाठ करून घ्या, बाकीचं सुट्टीत बघू.” रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपायच्या आधी मुलीच्या लूपबद्दल बोलत होता, त्यांच्या म्हणण्याला वजन होतंच. केटी लागली, म्हणजे विषय राहिला आणि पुढे पुन्हा द्यावा लागला, तर पुढच्या सत्राचं ओझं दुप्पट होतं हे त्यांना ठाऊक होतं. पण बावीस पाठ असूनही तेविसावा अडला होता. चाळीस पाठ झाल्यावर एक्केचाळिसावा अडला असता.

दुसरा पर्याय पायथन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेचा. पायथनमध्ये ताऱ्याला आकड्याने गुणलं की तितके तारे मिळतात, आतला लूप लिहावाच लागत नाही. पिरॅमिड दोन-तीन ओळींत होतो आणि मुलांना पटकन हुरूप येतो. पण चाचणी सीची होती. शिवाय तिचा घोटाळा आतला लूप लिहिण्यात नव्हताच, तो किती वेळा फिरवायचा हे ठरवण्यात होता. गुणाकारानेही तो प्रश्न तसाच राहतो.

तिसरा म्हणजे ड्राय रन: कागदावर आय आणि जे (आतल्या लूपचा आकडा) यांच्या प्रत्येक किमतीचा तक्ता मांडून प्रोग्राम हाताने चालवायचा. बहुतेक शिक्षक हेच सांगतात, मीही वर्षानुवर्षं सांगत आले.

चौथा पर्याय होता कोड पूर्ण बाजूला ठेवून नुसतं मोजायला शिकवायचं आणि बारा दिवसांत तीनच पॅटर्न करायचे. यात जोखीम उघड होती. चाचणीत नेमका पीडीएफमधलाच पॅटर्न आला असता, तर पाठ करणारी मुलं पुढे गेली असती.

मी तिसरा निवडला.

पहिले तीन दिवस

हा निर्णय चुकला, आणि का चुकला ते कळायला मला तीन दिवस लागले.

तिने ड्राय रन सुरेख केला. पट्टीने आखलेला तक्ता, पाच ओळींच्या त्रिकोणाचे पंधरा तारे, प्रत्येकासमोर आय किती, जे किती, अट खरी की खोटी. एकही चूक नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बिघडवलेले प्रोग्राम दिले. एकात आतल्या लूपच्या कंसानंतर सेमीकोलन होता. तिने सांगितलं, “लूप नुसताच फिरेल, तारा प्रत्येक ओळीत एकच येईल.” बरोबर. दुसऱ्यात आतल्या लूपलाही आय हेच नाव होतं आणि दोन्हींची मर्यादा पाच. ती म्हणाली, “आतला संपेपर्यंत आय सहा होणार, मग बाहेरचाही संपणार. एकच ओळ येईल.” हेही बरोबर. हे इतक्या लवकर सांगणारी मुलं माझ्याकडे फार नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी कोरा कागद देऊन उजवीकडे टेकलेला त्रिकोण छापायला सांगितलं. ती वीस मिनिटं कागदाकडे बघत राहिली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ड्राय रन म्हणजे वाचन आहे. लिहिलेला प्रोग्राम काय करेल हे त्यातून कळतं. न लिहिलेला प्रोग्राम कुठून सुरू करायचा हे त्यातून कधीच कळणार नाही. तिला वाचता येत होतं आणि मी तिला तीन दिवस वाचायलाच लावत होते. बारापैकी तीन दिवस गेले.

चौकटीची वही

चौथ्या दिवशी मी कॉम्प्युटर बंद ठेवला. खालच्या स्टेशनरीच्या दुकानातून पहिली-दुसरीची मुलं अंक लिहितात ती चौकटीची वही आणली. नियम एकच: एका चौकटीत एक अक्षर. तारा असेल तर तारा, रिकामी जागा असेल तर ठिपका. ठिपका द्यायचाच, चौकट कोरी सोडायची नाही. व्हॉट्सॲपवर बहुतेक वेळा अक्षरांची रुंदी वेगवेगळी असते, तिथे पिरॅमिड तिरका दिसतो आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं. चौकटीत तसं होत नाही.

मी म्हटलं, “पाच ओळींचा पिरॅमिड काढ.” तिने सगळ्यात खालची नऊ ताऱ्यांची ओळ आधी काढली. मग तिच्या वर सात, मग पाच.

“अगं, खालून का?”

“आजी मोठी ओळ आधी घालते ना,” ती म्हणाली. दिवाळीत त्यांच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये आजी ठिपक्यांची रांगोळी घालते. गुडघ्यांमुळे आता आजीला खाली बसवत नाही. ती स्टुलावरून सांगते, “सात ते चार घे,” आणि ही ठिपके मांडते. मधली ओळ सातची. तिच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा, मग पाच, मग चार. प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध.

हे ऐकून मी ठरवलेला धडा बाजूला ठेवला. ही मुलगी ‘सात ते चार’ एवढ्या तीन शब्दांवरून सदतीस ठिपके बिनचूक मांडत होती. ओळींची संख्या, प्रत्येक ओळीतली संख्या, ती कशी बदलते, सगळं तिला येत होतं. मग पडद्यावर काय अडत होतं?

आम्ही दोघींनी वहीत शोधलं आणि उत्तर तिनेच काढलं. रांगोळी घालताना हात कुठेही जाऊ शकतो. मोठी ओळ आधी घातली की बाकीच्या तिच्याकडे बघून जागेवर बसतात. कडेची रिकामी जागा कोणी मोजत नाही, ती आपोआप उरते. पडद्यावर मात्र वरून खाली आणि डावीकडून उजवीकडेच जाता येतं. सगळ्यात छोटी ओळ आधी छापावी लागते आणि तेव्हा मोठी ओळ अजून आलेलीच नसते. म्हणून मोठ्या ओळीचा आकडा आधीपासून हातात लागतो आणि डावीकडची मोकळी जागासुद्धा मोजून छापावी लागते.

“म्हणजे पाच वजा आयमधले पाच ते,” ती म्हणाली. “शेवटच्या ओळीचे.”

मी तिला यामागची गोष्ट सांगितली. सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास घडवली. तिथे तेव्हा टेलिटाइप यंत्रं वापरात होती. कागदाची गुंडाळी, तिच्यावर एकेक अक्षर ठोकत जाणारं यंत्र, ओळ संपली की कागद वर सरकणार. छापलेल्या ओळीकडे परत जाऊन काही बदलता येत नसे. आपण पडद्यावर दाखवण्याच्या आज्ञेलाही अजून ‘प्रिंट’च म्हणतो. तिला हे फार आवडलं. लूप वरूनच का सुरू करायचा, याला ‘असंच असतं’पलीकडचं कारण मिळालं.

मग तक्ता आला, पण कोडचा नाही. तीन रकाने: कितवी ओळ, रिकाम्या किती, तारे किती. पाच ओळींच्या पिरॅमिडसाठी:

पहिली ओळ: रिकाम्या ४, तारे १
दुसरी ओळ: रिकाम्या ३, तारे ३
तिसरी ओळ: रिकाम्या २, तारे ५
चौथी ओळ: रिकामी १, तारे ७
पाचवी ओळ: रिकामी ०, तारे ९

मी काहीच सांगितलं नाही. पीडीएफमध्ये ‘दोन आय वजा एक’ आधीच दिलेलं असतं, म्हणून मुलं ते शोधत नाहीत. ती बराच वेळ बोटाने आडवं वाचत होती. आधी म्हणाली, “ओळ आणि रिकामी मिळून नेहमी पाच.” थोड्या वेळाने, “तारे म्हणजे ओळीची दुप्पट, एक कमी.” मग आम्ही ते मराठीतच लिहिलं:

ओळ १ पासून ५ पर्यंत
  रिकामी जागा छाप, (५ वजा ओळ) वेळा
  तारा छाप, (ओळीची दुप्पट वजा १) वेळा
  नवी ओळ सुरू कर

सीमध्ये उतरवायला तिला चार मिनिटं लागली. आय आणि जेऐवजी तिने रोमन लिपीतच ‘ओळ’ आणि ‘रकाना’ अशी नावं दिली. एकदा नवी ओळ सुरू करायची आज्ञा चुकून आतल्या लूपमध्ये गेली आणि पंचवीस तारे एकाखाली एक उभे राहिले. ते बघून ती स्वतःच म्हणाली, “पंचवीस बरोबर आहेत, जागा चुकलीय.” एक, तीन, पाच, सात, नऊ यांची बेरीज पंचवीस. तारे मोजून ताळा करायची सवय तिला तिथून लागली.

उरलेले दिवस

आजीची ‘सात ते चार’ पुढच्या दिवशी कामी आली. तिचा वरचा अर्धा भाग म्हणजे चार, पाच, सहा, सात अशा ओळी. एकापासून सुरू केलं तर असं दिसतं:

···*
··*·*
·*·*·*
*·*·*·*

इथे ताऱ्यांची संख्या ओळीच्या क्रमांकाइतकीच आहे, फक्त प्रत्येक ताऱ्यानंतर एक जागा सोडायची. भरलेल्या पिरॅमिडला दुप्पट वजा एक, याला नुसती ओळ. हे दोन वेगळे पिरॅमिड आहेत हे माझ्या बॅचमधल्या निम्म्या मुलांना कळलेलं नव्हतं. पीडीएफमध्ये दोन्ही एकाच नावाने होते.

हिऱ्याच्या वेळी मधली ओळ दोनदा छापली गेली, ती सगळ्यांचीच जाते. फ्लॉइडच्या त्रिकोणात (१, मग २ ३, मग ४ ५ ६) मोजणारा आकडा नव्या ओळीला परत एकवर येता कामा नये, म्हणून तो दोन्ही लूपच्या बाहेर सुरू करावा लागतो. हे तिला एका वाक्यात समजलं.

बारा दिवसांत तीनच पॅटर्न करायचे ठरवले होते, प्रत्यक्षात पाच झाले. प्रत्येकाला आधी वही, मग तक्ता, मग मराठी वाक्यं आणि शेवटी कोड. बाबांना मी सहाव्या दिवशी फोन करून सांगितलं की उरलेले अठरा पॅटर्न मी घेणार नाही. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुम्हाला पटतंय ना? मग करा.” हा विश्वास मला जड गेला. त्या रात्री मी परत एकदा पीडीएफ उघडून बघितली, निदान सोपे पाच-सहा तरी पाठ करून घ्यावेत का म्हणून. घेतले नाहीत.

निकाल

फेरचाचणीत आकड्यांचा पॅटर्न आला, सहा ओळींचा, पीडीएफमध्ये नसलेला:

·····१
····२१
···३२१
··४३२१
·५४३२१
६५४३२१

तिने उत्तरपत्रिकेच्या समासात तक्ता काढला. पहिल्या वेळी पडद्यावर १२, १२३ असं सुलटं आलं. संख्या बरोबर, काय छापायचं ते चुकलं. तिने आतला लूप ओळीच्या आकड्यापासून एकपर्यंत उलटा चालवला आणि जमलं. पंचवीसपैकी अठरा. सरांनी पुन्हा तोंडी विचारलं, “सहा वजा ओळ का?” तिने समासातला तक्ता दाखवला.

सत्राच्या शेवटी बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी पोकळ पिरॅमिड दिला, म्हणजे फक्त कडेचे तारे, आत मोकळं. तिने तक्ता मांडला: दुसऱ्या ओळीत आतली मोकळी जागा एक, तिसरीत तीन, चौथीत पाच. नियम काढला, ओळीची दुप्पट वजा तीन. दुसऱ्या ओळीपासून तो अगदी बरोबर आहे. पहिल्या ओळीला मात्र उणे एक येतो, मोकळी जागा छापली जात नाही, आणि टोकावर एकाऐवजी दोन तारे शेजारी शेजारी येतात. शेवटची ओळ पूर्ण भरायची होती, तीही पोकळच आली. वेळ संपला. ती पास झाली, केटी लागली नाही, पण तो प्रोग्राम अर्धाच राहिला.

पुन्हा करायचं झालं तर

चौकटीची वही मी पहिल्या दिवशीच काढेन, आणि ती फक्त अडलेल्या मुलांसाठी नाही. ड्राय रनही शिकवेन, पण नंतर. ज्याने स्वतः एक पॅटर्न बांधला आहे त्याला दुसऱ्याचा वाचण्यात अर्थ वाटतो.

सुरुवातीचे चार-पाच प्रोग्राम मुलांनी रिकाम्या जागेऐवजी खराखुरा ठिपका छापून करावेत असं मी आता सांगते. पॅटर्न जमला की ठिपक्याच्या जागी स्पेस टाकायची, एका अक्षराचा बदल. ती चाचणीत स्पेस भरत बसली, कारण चूक जिथे होती तिथे पडद्यावर काहीच दिसत नव्हतं.

फोनवर सराव करते हे मला उशिरा कळलं. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब ओळी तुटून खाली जातात आणि बरोबर पॅटर्नही चुकीचा दिसतो. तिने लोकलमध्ये असे किती बरोबर प्रोग्राम चुकीचे समजून पुसले असतील कोणास ठाऊक. आता नाव नोंदवतानाच मी विचारते की घरी कशावर करणार.

बॅचच्या वेळेचा प्रश्न मात्र मला सुटलेला नाही. त्या बारा दिवसांत मी तिला रोज अर्धा-पाऊण तास वेगळा दिला आणि बाकीची अकरा मुलं तेवढा वेळ आपापलं करत बसली. त्यातल्या दोघांचे पालक तसं बोललेही, आणि त्यांचं चूक नव्हतं. आजीच्या रांगोळीसारखा धागा प्रत्येक मुलाकडे असेलच असं नाही. असला तरी बारा जणांचा शोधायला वेळ कुठून आणायचा, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

आणि पोकळ पिरॅमिड. तिथली चूक तिची नव्हती. मी सगळे पाच पॅटर्न असे निवडले होते की एकच नियम (हिऱ्यात प्रत्येक अर्ध्या भागाला एक) पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लागू पडतो. नियमात न बसणारी ओळ आली तर तिला तक्त्यात गोल करायचा आणि तिच्यासाठी वेगळी अट लिहायची, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. परीक्षेनंतरच्या शनिवारी आम्ही पुन्हा वही उघडली. तिने पहिल्या आणि शेवटच्या ओळीभोवती लाल पेनाने गोल केले, दोन अटी लिहिल्या, आणि टोकावर एकच तारा आला.